रात्री उसात बिबट्या दिसला तर बंदूक राहू द्या, आधी हे करा

आमच्या जुन्नरकडं मोटरची लाईट रात्रीच येते, मग दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, जावंच लागतं, आणि बॅटरी मारली की बांधावर दोन डोळे चमकतात. दुसऱ्या दिवशी पारावर कोणीतरी म्हणतंच, एक रात्र बसू आणि संपवून टाकू. राग मला पण येतो, गोठ्यातली शेळी गेली की घरात कोणाला जेवण जात नाही. तरी बसू नका.

दिसला की पळू नका, खाली वाकू नका, मोठ्यानं बोलत मागं मागं वस्तीकडं सरका आणि वनविभागाच्या 1926 ला फोन लावा. गर्दी करून फडाला वेढा घालायचा नाही, निघायला वाट नसली की तो अंगावरच येतो.

आता कायदा. बिबट्या, वाघ 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहेत, आणि शिकार म्हणजे नुसती गोळी नाही, फास लावला, विष घातलं, आमिष बांधलं, नुसता प्रयत्न केला तरी शिकारच, 3 ते 7 वर्षं जेल आणि वर दंड. मारायचा लेखी आदेश फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देतात, तेही पकडणं, बेशुद्ध करणं जमत नाही अशी खात्री झाल्यावरच. खरंच अंगावर आला आणि जीव वाचवताना मेला तर गुन्हा नाही, पण तुम्ही शिकारीलाच बसला असाल तर ही सवलत मिळत नाही.

मला सगळ्यात टोचतं ते रात्रीचं. बॅटरीत दिसतात ते फक्त डोळे. शेळी नेणारा हाच का दुसरा, नर का मादी, काय कळणार? आणि जखमी होऊन उसात शिरला तर सकाळी तोडणीला येणाऱ्या बायकांनी काय करायचं? माणसं मारल्याचा ठपका असलेल्या यवतमाळच्या अवनी वाघिणीला मारायचा तर आदेश होता, तरी 2 नोव्हेंबर 2018 ला तिला रात्री गोळी घातली म्हणून केवढा वाद झाला, आणि तिची दोन पिल्लं मागं राहिली.

तोडणीत पिल्लं सापडली तर हात लावू नका, सेल्फी तर नकोच, तोडणी थांबवून वनविभागाला बोलवा. ते पिल्लं तपासून संध्याकाळी सापडल्या जागीच क्रेटमध्ये ठेवतात. आमच्या शेजारच्या फडात ठेवली तेव्हा आम्ही वस्तीवर लाईट बंद करून गप बसलो होतो, सकाळी कॅमेऱ्यात बघितलं, आई आली, क्रेटभोवती दोन चकरा मारल्या, पंजानं झाकण सरकवलं आणि एकेकाला मानेला धरून घेऊन गेली.