कुंडईला नोकरी, मडकईला खोली आणि मधला अंधार

कंपनीजवळ खोली परवडली नाही म्हणून आतल्या गावात घेतलीत, इथवर तुमचं काही चुकलेलं नाही. २०११ साली गडहिंग्लजहून इथे गोव्यात आलो तेव्हा मीही तेच केलं. खरा प्रश्न पडतो सेकंड शिफ्टच्या पहिल्या रात्री. अकराला गेटबाहेर यावं तर आतल्या गावाची बस केव्हाच बंद झालेली असते. पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन भाडं मारणारा इथला माणूस, एखाद्या दिवशी ठीक आहे, रोज परवडत नाही. मग सायकल आली, आणि तिच्यासोबत दिव्याचा प्रश्न. औद्योगिक इस्टेटीचे दिवे संपले की पुढे काजूची झाडं, चिऱ्याचे गडगे आणि खाजनाकाठचा, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या खार जमिनीच्या कडेचा रस्ता. तिथे खांब असला तरी त्यावर दिवा असेलच असं नाही.

पहिले दोन महिने मी मोबाइलचा टॉर्च शर्टाच्या खिशात ठेवून सायकल चालवली. एका वळणावर पायी येणारे एक वयस्कर गृहस्थ थांबले आणि म्हणाले, ‘‘तुजे कडेन लायट ना?’’ म्हणजे तुझ्याकडे लाइट नाही? मला वाटलं, आहे की खिशात! त्यांना मात्र मी दिसलोच नव्हतो, फक्त चेनचा आवाज आला होता. दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो आणि चुकीचा दिवा घेऊन आलो. तुमची ती एक खेप वाचावी म्हणून हे लिहितोय.

दुकानदार सगळ्यात आधी ल्युमेन सांगेल. खोक्यावर मोठा आकडा असतो, १२००, २०००, काहीही. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड निघतो. त्यातला रस्त्यावर किती पडतो आणि आंब्याच्या फांद्यांवर किती जातो, हे त्या आकड्यात येत नाही. आपल्याला पाहिजे तो रस्त्यावरचा. स्वस्त दिव्यांत बहुतेक टॉर्चसारखा गोल झोत असतो: मधोमध पांढराफटक ठिपका, बाजूला अंधुक कडं. पुढचं भिंग मागेपुढे सरकवून झूम करायचा दिवा तर घेऊच नका. तो घरात भिंतीवर छान दिसतो. रस्त्यावर एकच खड्डा उजळतो आणि शेजारचा गिळून टाकतो. झोत आडवा, पसरट असावा, वरच्या बाजूला जणू कापलेला. जर्मनीत सायकलच्या दिव्यासाठी तसा नियमच आहे. आपल्याकडे असे दिवे कमी मिळतात, पण भिंगावर आडव्या रेघा असलेला दिवा दिसला तर तो उचलून बघा.

किती उजेड पुरेल, याचा हिशेब सोपा आहे. ताशी २० किलोमीटरने जाताना सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. म्हैस दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत दीड सेकंद गेला, म्हणजे आठ मीटर तिथेच संपले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी तेवढेच धरा. म्हणजे किमान पंधरा-वीस मीटर नीट दिसलं पाहिजे. त्याला चांगल्या झोताचे ३०० ते ४०० खरे ल्युमेन भरपूर झाले. आणि म्हैस हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. तोंड आपल्याकडे असेल तर डोळे तरी चमकतात. म्हैस तुमच्याकडे पाठ करून बसली असेल तर ती रस्त्याचाच काळा तुकडा असते.

खरे ल्युमेन कसे ओळखायचे? बॅटरीवरून. एलईडी एका वॉटला साधारण शंभर ल्युमेन देतो असं धरून चाला. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब असा जो गोल लिथियम सेल सगळीकडे मिळतो, तो कितीही चांगला असला तरी ३५०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची साठवण) आसपास थांबतो, म्हणजे बारा-तेरा वॉट-तास. त्यावर ३०० ल्युमेन चार तास चालतील. १२०० ल्युमेन सहा तास चालवायला असे पाच-सहा सेल लागतील. तेव्हा अंगठ्याएवढ्या दिव्याच्या खोक्यावर तसं छापलेलं असेल तर तो छपाईचा खर्च समजा. सेलवर ९८०० लिहिलेलं दिसलं तर तिथेच ठेवून द्या. आणखी एक गोष्ट विचारा: बॅटरी उतरताना दिवा हळूहळू मंद होतो की आधी इशारा देतो? इशाऱ्याचं लाल टिपकं असलेला दिवा शंभर रुपये महाग असला तरी घ्या. हळूहळू मंद होणाऱ्या दिव्याला डोळे सवयीने सरावतात आणि आपण कमी उजेडात त्याच वेगाने जात राहतो.

मी सध्या वापरतो तो दिवा हजार-बाराशेतला आहे, यूएसबीवर चार्ज होणारा. त्यापेक्षा महागाचा मोह मला झाला नाही. टायरला घासून चालणारा जुना डायनॅमो कोणी फुकट दिला तर शोभेला ठेवा. पावसात टायर ओला झाला की त्याची चकरी घसरते, आणि तुम्ही थांबलात की दिवा विझतो. चाकाच्या मधोमध, हबमध्ये बसणारा डायनॅमो उत्तम, पण त्यासाठी चाक नव्याने बांधून घ्यावं लागतं. आपल्या पगारात तो विषय इथेच संपला.

आता पाऊस. घाटावरचा पाऊस पाहून आलेल्यांना वाटतं, आपल्याला काय पावसाचं! इथे जूनमध्ये तो आडवा येतो आणि पुढचे चार महिने हवाच ओली असते. खोक्यावर आयपीएक्स म्हणून पाणी सोसण्याचा दर्जा लिहिलेला असतो. आयपीएक्स ४ असेल तर दिवा शिंतोडे सोसतो, ६ असेल तर जोराच्या धारा. आपल्याला ६ बघा. तरी पाणी शिरतं ते काचेतून नाही, चार्जिंगच्या तोंडावरच्या रबरी झाकणातून. घाईत ते अर्धवट बसतं. माझ्या पहिल्या दिव्याच्या पितळी टोकांवर दोन महिन्यांत हिरवा कळंक चढला होता. घरी पोचल्यावर दिवा आधी कोरडा पुसा, झाकण उघडून पंख्याखाली ठेवा, आणि चार्जिंग सकाळी करा. ओल्या तोंडात केबल घालू नका. सकाळी वीज गेली तर कंपनीत चार्ज करा, सुपरवायझर काही म्हणत नाही.

पहिल्या पावसात आणखी एक गंमत. पंखवाले किडे दिव्यावर तुटून पडतात. हेल्मेटवर दिवा लावायची हौस असेल तर ते सगळे तुमच्या तोंडात येतील. दिवा हँडलवरच बरा.

हँडलवरही तो नीट बसला पाहिजे. रॉड ब्रेकच्या काळ्या सायकलचं हँडल बारीक असतं, वर ब्रेकचा रॉड आडवा येतो, आणि रबरी पट्टा सैल राहतो. जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून खाली गुंडाळा. माझी ती गुंडाळायची राहिली होती. बिनरंगाच्या एका गतिरोधकावर सायकल उडाली, दिवा निसटला आणि थेट गटारात गेला. विझला नव्हता. तळाशी पेटलेला, वर हिरवट पाणी, आणि त्या उजेडात एक बेडूक बसलेला. काढायला मला खांद्यापर्यंत हात घालावा लागला. पुढे टोपली असलेली सायकल असेल तर दिवा टोपलीच्या खाली, फोर्कवर लावा, नाहीतर सगळा उजेड डब्याच्या पिशवीवर पडेल.

दिव्याचा कलही बघून घ्या. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. झोताचा मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा दीड वीत खाली पडला, तर रस्त्यावर तो पंधराएक मीटरवर टेकतो. यापेक्षा वर ठेवलात तर समोरच्या स्कूटरवाल्याचे डोळे दिपतात, आणि खाजनाच्या बांधावर, जिथे दोन्हीकडे पाणी आहे आणि कठडा नाही, आंधळा झालेला स्कूटरवाला तुमच्या काही कामाचा नाही. त्याचाच झोत तुमच्या डोळ्यांवर आला तर त्याच्याकडे बघू नका, रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवा आणि वेग मोडा. पुढचा दिवा लुकलुकता ठेवू नका. अंधारात लुकलुकणाऱ्या दिव्याचं अंतर कोणाला कळत नाही.

मागचा लाल दिवा दोनतीनशेत येतो. तो सीटच्या दांडीवर लावाल तर पावसाळ्यात रेनकोट त्यावर पदरासारखा पडेल. कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावा. जोडीला पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर काढू नका आणि घोट्याला चमकणारी पट्टी बांधा. वरखाली हलणारे दोन ठिपके दिसले की ट्रकवाल्याला सायकल लगेच ओळखू येते. पहाटे पावाची टोपली घेऊन निघणाऱ्या पोदेराकडे बघून दिव्याशिवाय चालेल असं समजू नका. तो पोंपों करत येतो आणि त्याला रस्त्यातला प्रत्येक दगड पाठ आहे.

खरेदी दिवसा करू नका. दुकानदाराला ‘मागच्या बोळात पेटवून बघतो’ म्हणा. जो बघू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आणि कंपनीत पोचलात की दिवा काढून खिशात ठेवा. चोरीची भीती कमी, विसरण्याची जास्त. मी दोनदा कँटीनच्या टेबलावर विसरलो. दुसऱ्या वेळी गेटवरच्या मामांनी तो जपून ठेवला होता, वर चार्जही करून दिला.