चिखलात लीग मॅच खेळायची असेल तर

पावसाळ्यात मुंबईत फुटबॉल लीगची मॅच लागली की पोरांचा पहिला प्रश्न असतो, कुठले स्टड्स (बुटाच्या तळाचे खुंट) घालू? अरे ते नंतर बघ, आधी अर्धा तास लवकर ये आणि सगळं मैदान चालून काढ. चिखलातली मॅच निम्मी तिथेच ठरते आणि बहुतेक टीम हे काम करतच नाहीत, झाडाखाली कपडे बदलत गप्पा ठोकत बसतात आणि मग पहिल्या दहा मिनिटांत त्यांचे तीन पास डबक्यात अडकतात.

चालताना हातात बॉल ठेवा आणि कमरेच्या उंचीवरून जागोजागी सोडत जा. उडाला तर ठीक. थप्पकन बसला तर तिथे मॅच संपेपर्यंत जमिनीवरून पास द्यायचा नाही, आणि हे एकट्याने लक्षात ठेवून उपयोग नाही, सगळ्या टीमला तिथे उभं करून दाखवा. दोन्ही गोलच्या तोंडाशी हमखास वाट लागलेली असते, कारण सीझनभर किपर तिथेच नाचतो, गवत उरत नाही आणि पाणी साचतं. कडेला विंगवर वर्दळ कमी म्हणून गवत बरं असतं. ज्या मैदानावर क्रिकेटही चालतं तिथे अजून एक भानगड, क्रिकेटची कांगा लीग 1948 पासून ऐन पावसातच होते त्यामुळे या मैदानांना सुट्टी अशी नसतेच, आणि रोलर मारून घट्ट केलेली पिचची चिकणमाती भिजली की नुसता साबण होतो. वरून सपाट, छान दिसते, पळत येऊन वळायला जाल तर आडवेच.

टॉस जिंकलात तर (2019 पासून जिंकणारा किकऑफ घेऊ शकतो किंवा बाजू निवडू शकतो) किकऑफच्या मोहात पडू नका, बाजू घ्या. माझं मत असं की जास्त खराब गोल पहिल्या हाफमध्ये आपण सांभाळायचा, कारण तेव्हा तो निदान थोडा शाबूत असतो, दुसऱ्या हाफमध्ये तुडवून तुडवून त्याचा पार राडा झालेला असतो आणि तेव्हा तिथे समोरच्याचे बॅक आणि किपर उभे असलेले बरे. काही जण याच्या उलट सांगतात, की तिथे आपल्यालाही फिनिश करायला त्रास होतो. होतो, पण घसरलेला बॅक आपल्याला गोल देतो, घसरलेला फॉरवर्ड फक्त चान्स घालवतो.

आता स्टड्स. खोल चिखल असेल तर स्क्रूवाले लांब स्टड्स, नाहीतर साधे मोल्डेड, म्हणजे तळालाच जोडून आलेले, पुरतात. 4 जुलै 1954 ला बर्नमध्ये वर्ल्डकप फायनल पावसात झाली, पश्चिम जर्मनीकडे आदिदासवाल्या आदी डास्लरचे स्क्रू स्टड्स होते, ओल्या मैदानासाठी लांब लावून खेळले आणि 0-2 वरून हंगेरीला 3-2 हरवलं. नुसत्या स्टड्समुळे जिंकले असं मी म्हणणार नाही, पण पाय रोवता येणं ही छोटी गोष्ट नाही. फक्त वर ओलं आणि खाली टणक असं मैदान असेल तर लांब स्टड घालू नका, घोट्याची वाट लागते. तळाला थोडं व्हॅसलिन चोपडलं तर माती कमी चिकटते, तरी हाफटाइमला काडीने खरवडून काढाच. मोज्यांची दुसरी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत, शिनपॅड पायात. अनवाणी खेळायची हौस असेल तर ती गल्लीत, लीगमध्ये नियमानेच बूट लागतात.

खेळ कसा करायचा? टर्फवरचे छोटे छोटे टिकटिक पास विसरा. बॉल उचलून द्या, पंजा बॉलखाली घालून, आणि माणसाच्या पायात नाही तर चांगल्या जागेत. ओल्या गवतावर बॉल सुसाट घसरतो, डबक्यात तिथल्या तिथे थांबतो, एकाच पासमध्ये दोन्ही होऊ शकतं. थांबलेला बॉल डेड नसतो हे बॅकवाल्यांच्या डोक्यात घाला, रेफ्री शिट्टी मारत नाही तोवर मारा बाहेर. किपरला जमिनीवरून बॅकपास तर अजिबात नको. ड्रिबल करायचंय तर समोरच्या हाफमध्ये करा. स्लाइड टॅकल चिखलात तुमच्या अंदाजापेक्षा खूप लांब जाते, बॉलसाठी निघता आणि माणसाला घेऊन थांबता, मग कार्ड दाखवलं की रेफ्रीवर ओरडू नका. लांबून खाली मारलेले शॉट मात्र सोन्याचे, किपरसमोर टप्पा पडला की ओला बॉल हातातून सुटतो, त्यामुळे एक जण कायम रिबाउंडला पाहिजे. आपल्या किपरने पकडायच्या भानगडीत न पडता पंच करावं किंवा अंग बॉलच्या मागे आणावं, आणि ग्लोव्ह्ज धुवायला पाण्याची बाटली नेटमागे ठेवावी.

लाइन मारायची फक्की पावसात वाहून जाते, तेव्हा लाइन कुठे मानायची ते मॅचआधीच रेफ्रीला विचारून घ्या, नंतरची भांडणं वाचतात. फक्कीचं पाणी डोळ्यात गेलं तर चोळू नका, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि नंतर डॉक्टरला दाखवा. विजा कडकडायला लागल्या तर स्कोअर काहीही असो बाहेर पडा, झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदानात यायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप मॅनेजरच्या फोनमध्ये असू द्या.

आणि ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात ते म्हणजे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा आजार. मैदानावरच्या साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, गुडघा खरचटलेला असतो, तिथून जंतू आत जातात. मॅच संपली की आधी साबणाने जखमा धुवा, वडापाव नंतर. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते की अशा पाण्यात गेलात तर 72 तासांच्या आत डॉक्टरला विचारून औषध घ्या, ते ऐका, मेडिकलवाल्याकडून मनाने गोळ्या घेऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही तेव्हाच विचारा. नंतर ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर मॅचचा थकवा समजून अंगावर काढू नका.

जर्सी आधी थंड पाण्यात नुसती खळबळून माती काढा, मग मशीनला लावा, नाहीतर घरचे मशीनसकट तुम्हाला बाहेर काढतील. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला, पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, तळ उखडतो.