२२ नंबरच्या गळावर माशी बांधताना

गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ बारीक. २२ नंबरवर चिलटाएवढी माशी (म्हणजे माशांना फसवणारं दोरा-पिसांचं नकली आमिष) बांधताना दोऱ्याचा एक जास्तीचा वेढाही अंग फुगवतो. म्हणून बॉबिन (दोऱ्याची गुंडी धरणारं साधन) लोंबकळती सोडा आणि वरून पाहत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा (उजव्या हाताने बांधत असाल तर). पीळ सुटला की दोरा फितीसारखा चपटा बसतो. काळा दोरा, त्यावर उलट्या दिशेने बारीक चंदेरी तारेचे चार-पाच वेढे, झालं! पंख, शेपूट वगैरे हौस मोठ्या गळावर भागवा.

गळाचा उलटा काटा बांधण्याआधीच पकडीने दाबा. मोडायचाच तर रिकामा गळ मोडू दे. शेवटी व्हार्निश सुकण्याआधी गळाच्या डोळ्यातून सुई फिरवा, नाहीतर ओढ्यावर गारठलेल्या बोटांनी ओवताना रडकुंडीला याल.

टेन्कारा या जपानी मासेमारीच्या पद्धतीत रीळ नसतं, दोरी थेट काठीच्या टोकाला. शेवटचा धागा सहसा ५एक्स जाडीचा (आकडा मोठा, तितका धागा बारीक). इतक्या बारीक माशीला ६एक्स बरा. मासा जोर करू लागला की काठी उभी ठेवा, तिच्या लवचिक टोकाला धक्का झेलू द्या. खरं तर पारंपरिक जपानी केबारी (टेन्काराच्या माश्या) बऱ्याच मोठ्या असतात. त्यातल्या साकासा केबारीची पिसं पुढे झुकलेली, काठी हलकेच हलवली की पाण्यात उघडमिट करणारी. चिलटं खाणाऱ्या थंडीतल्या ट्राउटने तिच्याकडे पाठ फिरवली, तरच २२ नंबर काढा.