पुस्तक मिटून खेळ चालवायला लागलो

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती (2014 ची) आम्ही मित्रमंडळी खेळतो, डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, मी. लढाई रंगात आली की कोणीतरी हमखास म्हणायचं, "मी त्या गॉब्लिनला धरतो." झालं! मी नियमांच्या पुस्तकाची पानं चाळतोय, बाकीचे मोबाईलमध्ये.

शेवटी पुठ्ठ्याची कार्डं कापली आणि सतत अडणारे नियम आपल्या भाषेत लिहून काढले. धरपकडीचं कार्ड असं: एक हात मोकळा हवा, समोरचा फार तर एक आकार मोठा चालेल, आपण ॲथलेटिक्सचा (अंगबळाच्या कौशल्याचा) फासा टाकायचा, त्याने ॲथलेटिक्सचा किंवा ॲक्रोबॅटिक्सचा (चपळाईचा), जिंकलो तर त्याचा वेग शून्य. बस्स. धरलेला मात्र हल्ला नेहमीसारखाच करू शकतो, हे लाल पेनाने, कारण वाद तिथेच पेटायचा. मंत्रांवरच्या एकाग्रतेचं कार्ड जादूगार खेळणाऱ्या मैत्रिणीच्याच हाती दिलं: मार बसला की मंत्र टिकवायला कॉन्स्टिट्यूशनचा (चिवटपणाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, लक्ष्य 10 किंवा नुकसानीच्या निम्मं, जे जास्त असेल ते. आता उलट मीच तिला विचारतो.

कार्डावर नसेल ते? सोपं वाटलं तर लक्ष्य 10, मध्यम 15, अवघड 20. फासा टाका, पुढे चला. पुस्तक खेळ संपल्यावर, चहाबरोबर. नियम वेगळा निघाला तर पुढच्या वेळेपासून लागू. झालेली चाल मागे घ्यायची नाही. एखाद्याचं पात्रच मरणार असेल तेव्हा मात्र मी थांबून पान उघडतो. तिथे अंदाजपंचे नको.