ऑफिसच्या इमारतीत फ्लू पसरू नये म्हणून: आधी हवा तपासा

फ्लूचा मोसम आला की दारात सॅनिटायझरची बाटली येते. असू द्या, पण तेवढ्यावर भागत नाही. एसीत बाहेरची हवा आत घेणारा डॅम्पर, म्हणजे पात्यांची झडप, वीज वाचवायला बंद ठेवला असेल, तर एकाच्या खोकल्यातले बारीक कण मजलाभर फिरत राहतात.

सोपी कामं आधी उरका. लस मोसमाच्या निदान दोन आठवडे आधी घ्या, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. हात साबणाने 20 सेकंद धुवा. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल 60 टक्क्यांच्या खाली नको. लिफ्टची बटणं आणि दारांच्या मुठी रोज पुसा. स्टील-प्लास्टिकवर हा विषाणू 24 ते 48 तास तग धरतो.

आजारी माणसाने घरी थांबायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी लोक येतात, कारण पगार कापला जातो किंवा पहिल्याच दिवशी डॉक्टरचा दाखला मागितला जातो. हे दोन्ही नियम मोसमापुरते तरी बाजूला ठेवा. औषध न घेता 24 तास ताप नसेल आणि बाकीची लक्षणंही उतरणीला लागली असतील, तेव्हाच कामावर यायचं. पॅरासिटामॉलने उतरलेला ताप यात धरायचा नाही. मात्र लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवू शकतो, त्यामुळे प्रवेशद्वारावर ताप मोजून सगळे सापडत नाहीत. म्हणून हवा महत्त्वाची, आणि बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती इथेच.

आधी कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर आणा. हा मीटर विषाणू मोजत नाही. खोलीत दुसऱ्यांनी सोडलेला श्वास किती साचलाय ते सांगतो. एनडीआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाने वायू मोजणाऱ्या, सेन्सरचाच घ्या. स्वस्तातले काही मीटर इतर वायूंवरून अंदाज बांधतात आणि जवळ सॅनिटायझर उडाला तरी आकडा उसळतो. नवा मीटर आधी उघड्यावर न्या. तिथे 420 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) आसपास आकडा यायला हवा. मग खोलीत बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, पण खिडकीपासून आणि कुणाच्याही तोंडापासून लांब ठेवा. माणसं बसून अर्धा-पाऊण तास झाला की वाचा. 800 च्या खाली असेल तर ठीक. 1200 च्या वर गेला, तर माणसांच्या मानाने बाहेरची हवा फारच कमी येतेय.

मग दोष शोधा. इथे हमखास फसगत होते ती टिश्यू पेपर हवेच्या जाळीसमोर धरायच्या चाचणीत. जाळीला कागद चिकटला की लोक निश्चिंत होतात. पण खोलीतली हवा परत यंत्राकडे ओढणाऱ्या परतीच्या जाळीलाही कागद चिकटतोच, आणि ती हवा आतलीच असते. हवा हलतेय एवढंच कागद सांगतो, ती बाहेरची आहे का ते नाही. त्यासाठी एसीच्या मुख्य यंत्राजवळ जाऊन डॅम्परची पाती डोळ्यांनी बघावी लागते. पॅनेलवर ‘उघडा’ दिसत असतो आणि जोडदांडा निसटल्यामुळे पाती मिटलेलीच असतात. नुसत्या पॅनेलच्या फोटोवर समाधान मानू नका.

यंत्राचा पंखा ‘ऑटो’वर असेल तर गारवा झाला की तोही थांबतो, लोक असेपर्यंत तो सलग चालू हवा आणि लोक यायच्या तासभर आधी सुरू व्हायला हवा. यंत्राला झेपत असेल तर मर्व्ह-13 (फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याची श्रेणी) फिल्टर बसवा. जाड फिल्टरने हवेला अडथळा वाढतो, म्हणून पंख्याची ताकद आधी तपासून घ्या. फिल्टरच्या चौकटीशी फट राहिली तर हवा तिथूनच निसटते आणि महागडा फिल्टर वाया जातो. एकच यंत्र अनेक कार्यालयांना हवा देत असेल, तर शेजारच्यांचा श्वासही तुमच्याकडे येतो. तेव्हा मीटरचे आठवडाभराचे आकडे लिहून इमारतीच्या व्यवस्थापनाला द्या.

स्प्लिट एसी बहुधा बाहेरची हवा घेतच नाही. आतलीच हवा गार करून सोडतो. अशा खोलीत खिडकी थोडी उघडी ठेवा. तेही जमत नसेल तर हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचा प्युरिफायर लावा. हिशोब सोपा आहे: तासाला निदान 5 वेळा हवा स्वच्छ व्हायला हवी. 6 मीटर लांब, 5 रुंद आणि 3 उंच खोली म्हणजे 90 घनमीटर, म्हणून ताशी 450 घनमीटर क्षमता हवी. खोक्यावरचा आकडा सर्वात जोरात चालवल्यावरचा असतो. आवाज होतो म्हणून कुणीतरी प्युरिफायर हळू करतंच, तेव्हा मोठा एक घेण्यापेक्षा मध्यम दोन घ्या. तासाला 5 वेळा या वेगानेही 99 टक्के कण जायला साधारण 55 मिनिटं लागतात, म्हणून दोन बैठकांमधली दहा मिनिटं पुरत नाहीत. आणि प्युरिफायरने कार्बन डायऑक्साइड घटत नाही. मीटरचा आकडा तसाच दिसला म्हणून प्युरिफायर बंद करू नका.