ऑनलाइन थेरपी आपल्याला मानवेल का, हे कसं ठरवावं?

ॲप कोणतं आणि फी किती, इथूनच बहुतेक जण सुरुवात करतात. ते प्रश्न नंतरचे. आपला त्रास कुठल्या प्रकारचा आहे आणि मोकळेपणी बोलायला बंद दार मिळणार आहे का, हे आधी बघा.

१. त्रास किती निकडीचा आहे ते तपासा

जीव द्यायचे विचार येत असतील, स्वतःला इजा करून घेतली जात असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा रोजची दारू अचानक सोडल्यावर अंग थरथरत असेल, तर ऑनलाइनच्या भानगडीत पडू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि थेट रुग्णालय गाठा, नाहीतर तातडीच्या मदतीचा नंबर लावा.

सौम्य ते मध्यम नैराश्य, सततची चिंता, पॅनिक (अचानक येणारे भीतीचे झटके) अशा त्रासांत व्हिडिओवरून घेतलेली सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) समोरासमोरच्या थेरपीइतकीच उपयोगी पडल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. काही बाबतीत तर घर हीच सोयीची जागा. ओसीडीमुळे (तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) कुलूप दहा-दहा वेळा ओढून बघणाऱ्याला ते एकदाच ओढून माघारी फिरायचा सराव त्याच्याच दारात करता येतो, थेरपिस्ट फोनवरून बघत असताना. उलट, घराबाहेर पडायचीच भीती वाटत असेल तर ऑनलाइन सुरुवात उत्तम, पण वर्षभर तिथेच राहिलात तर त्या भीतीला खतपाणीच मिळतं. बाहेर पडायचा टप्पा कधी येणार, हे पहिल्या भेटीतच विचारून ठेवा.

औषधाची गरज वाटत असेल तर सायकिॲट्रिस्टला, म्हणजे मनोविकारांच्या डॉक्टरला, भेटा. समुपदेशक औषध लिहून देत नाहीत. थायरॉइड कमी असलं तरी गळून गेल्यासारखं आणि उदास वाटू शकतं, त्यामुळे साधी रक्ततपासणीही करून घ्यावी.

२. खोलीची परीक्षा घ्या

फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो दाराबाहेर ठेवा, आत जाऊन दार लावा आणि नेहमीच्या आवाजात पाच मिनिटं बोला. मग ऐका. शब्द कळत असतील तर सेशनमध्ये तुम्ही नकळत आवाज दाबाल आणि आवाजाबरोबर खरं दुखणंही. (हेडफोनने समोरच्याचा आवाज लपतो, आपला नाही, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.) दाराबाहेर पंखा लावून ठेवला तर फरक पडतो. उभ्या गाडीत बसून सेशन घेणारेही आहेत.

ज्या माणसाची भीती वाटते तोच घरात असेल किंवा तुमचा फोन तपासत असेल, तर मात्र बाहेर जाऊन प्रत्यक्ष भेटणंच सुरक्षित.

३. माणूस पारखा

शिक्षण कुठलं, नोंदणी आहे का, तुम्ही राहता तिथल्या लोकांना थेरपी द्यायची परवानगी आहे का, सेशन रेकॉर्ड होतं का, नोंदी कोण वाचतं, नेट गेलं तर काय करायचं, हे सरळ विचारा. चॅटवरची सेवा असेल तर पलीकडे माणूस आहे की बॉट, हेही. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका. थेरपिस्टने तुमचा त्या वेळचा पत्ता आणि जवळच्या एखाद्या माणसाचा नंबर मागितला तर बिचकू नका. अडचणीच्या वेळी मदत पाठवता यावी म्हणून हे विचारतात, आणि जो विचारतो तो काम नीट जाणतो.

४. तीन-चार सेशन करून बघा

एक सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं असतं. स्क्रीनवरचा स्वतःचा चेहरा लपवून टाका, नाहीतर निम्मं लक्ष आपण कसे दिसतोय याकडेच जातं. समोरासमोर बसलेलं असताना शांतता चालते. व्हिडिओवर मात्र नेट गेलं की काय, असं वाटून आपण घाईने काहीतरी बोलून टाकतो. तेव्हा गप्प राहायचं असेल तर तसं सांगून गप्प राहा. सेशननंतरची पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. रडून झाल्यावर पुढच्याच मिनिटाला ऑफिसच्या मीटिंगमध्ये जायचं, हे फार थोड्यांना झेपतं.

इतकं करूनही काही उलगडत नसेल तर ते थेरपिस्टलाच सांगा आणि एक सेशन प्रत्यक्ष किंवा नुसत्या आवाजावर करून बघा. तिथे मोकळं वाटलं तर अडचण स्क्रीनची होती. तिथेही बोलणं अडलं तर थेरपिस्ट बदलून पाहा.