जळगावातून पायी, सायकलवर आणि दुर्बीण गळ्यात घालून फिरायचं कसं

कोकणातला एक मित्र मला कायम चिडवतो की तुमच्या जळगावला फिरायला आहे काय, ऊन आणि केळी. मी म्हणतो, बाबा, आमच्याकडे समुद्र नाही हे खरं, पण तापीचं पाणी शेवटी सुरतेजवळ समुद्रालाच जातं, आम्ही ते आधीच अडवून धरणात बघून घेतो. तर ज्यांना रविवारी घरात बसून कंटाळा येतो आणि गाडी काढून लांब घाटात जायचा खर्च नकोय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी टायमाचं बोलतो, कारण जागा कोणतीही निवडा, खान्देशात फिरणं सगळं घड्याळावर आहे. समुद्रकाठचे लोक भरती-ओहोटी बघून निघतात ना, तसं आपण ऊन बघून निघायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला सीझन, सकाळी साडेसहाला निघा आणि दहापर्यंत आरामात फिरा. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा उजाडतानाच निघायचं आणि आठला घरात, उगाच हिरोगिरी करायची नाही. संध्याकाळी पाचला निघू म्हणाल तर तेव्हा डांबर अजून तापलेलं असतं, मी केलंय ते, डोकं दोन दिवस दुखत होतं.

सुरुवात मेहरूण तलावापासून करा. गावातलाच तलाव, काठाने चालायला येतं, आणि नवशिक्याला पक्षी ओळखायला याच्यापेक्षा सोपी जागा नाही. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. छोटीशी गोलमटोल, बघता बघता बुडी मारून भलतीकडेच वर येणारी, ती टिबुकली. खंड्या तर सगळ्यांना माहीत असतो. चार-पाच रविवार एवढेच ओळखा, लगेच मोठी पुस्तकं घेऊ नका. थंडीत मेहरूणची बोरं मिळाली की खिसा भरून घ्यायची, ते वेगळं सांगायला नको. दुसरी जागा लांडोरखोरी, वनविभागाचं उद्यान आहे, नावातच लांडोर आहे आणि पहाटे गेलं की मोरांचा आवाज येतो. फक्त एक विनंती, मोबाईलचा स्पीकर चालू करून चालणारे जे काका लोक असतात ना, त्यांनी जरा इअरफोन घ्यावा. मोर काय भजनं ऐकायला थांबत नाही.

आता सायकल. गिअरची महागडी पाहिजेच असं काही नाही, माझी साधी आहे आणि तिच्यावर कानळद्यापर्यंत जाऊन येणं मस्त होतं, साधारण पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन-येऊन, गिरणेचा काठ मिळतो. आणखी कमी पाहिजे तर आसोदा-भादलीकडे जा. तिकडे हिवाळ्यात भरताच्या वांग्यांचा सीझन असतो, काड्यांवर भाजलेल्या भरताचा वास रस्त्यापर्यंत येतो आणि मग पुढे सायकल चालत नाही हे खरं. भुसावळकडे जाणारा हायवे मात्र टाळा, ट्रकवाले साईड देत नाहीत आणि पक्षीही दिसत नाही, काय उपयोग.

पंक्चरचं सामान सोबत ठेवाच. इकडच्या कडेकडेच्या रस्त्यांवर वेड्या बाभळीचे काटे आणि सराटे इतके असतात की एका काट्याने दोन्ही ट्यूब गेलेली मी बघितलीय. एक जास्तीची ट्यूब, छोटा पंप, पाना, दीड लिटर पाणी, आणि थोडा गूळ-शेंगदाणे. आणि पावसाळ्यात शिवाररस्त्यावर सायकल घालू नका, हे मोठ्या अक्षरात लिहा. आपली काळी माती ओली झाली की चाकाला गुंडाळत जाते, मडगार्डमध्ये ठासून बसते, चाक फिरायचं बंद होतं. मागच्या वर्षी पाऊस उघडून दोन दिवस झाले म्हणून मी एका पाणंदीत शिरलो, अर्ध्या किलोमीटरनंतर सायकल खांद्यावर घेऊन बाहेर आलो, चपला तिथेच राहिल्या. बांधावरचे शेतकरी हसत होते आणि बरोबरच होतं त्यांचं.

सायकलवर जाताना तारा बघायची सवय लावा. वायरवर बसलेला वेडा राघू, कोतवाल, आणि उडाला की पंखात निळा रंग चमकतो तो नीलपंख, हे सगळे फुकटात दिसतात. ज्वारी निसवली की भोरड्यांचे थवे येतात, हजारोंनी, आणि एकदम वळतात तेव्हा अंगावर काटा येतो, शेतकऱ्याला मात्र तो थवा आवडत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर जास्त वा वा करू नका. पहाटे रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येऊ शकतो, ब्रेक नीट असू द्या. केळीच्या बागेत परवानगीशिवाय शिरायचं नाही, एक तर ती कोणाची तरी बाग आहे, दुसरं म्हणजे आत ओल असते, साप असतात, आणि यावल-रावेरकडे बिबट्याही. केळीचा चीक कपड्याला लागला की निघत नाही, हे घरी बोलणी खाल्ल्यावर कळलं.

खरी मजा हतनूरला. भुसावळ तालुक्यात तापीवरचं हे धरण, आणि त्याचा फुगवटा तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत, चांगदेवच्या मंदिरापर्यंत पसरलेला. लांबून आलेल्या बदकांचा थंडीतला मुक्काम इथेच असतो. जळगावहून सायकलवर एका दिवसात जाऊन येणं सगळ्यांना जमणार नाही, मी तर भुसावळपर्यंत दुसऱ्याच्या गाडीत सायकल टाकून नेतो, लाज काय त्यात. चांगदेवला पाण्याकडे तोंड करून बसा, सूर्य पाठीमागे राहील असं, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. नारिंगी रंगाची, जोडीजोडीने बसलेली ती चक्रवाक. नाकापेक्षा मोती जड अशी चोच असलेला तो थापट्या. शेपटी सुईसारखी निघालेली ते तलवार बदक. लाल डोकं, लाल चोच, ती मोठी लालसरी, ती दिसली की माझा तरी दिवस वसूल होतो. बोट घेऊन एकदम थव्यात घुसू नका, सगळे उडतात, तुम्हालाही काही दिसत नाही आणि मागच्यांनाही नाही. लांबूनच बघा, दहा मिनिटं गप्प बसलं की तेच जवळ सरकतात. पाहिलेलं वहीत तारखेसकट लिहून ठेवा. नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखेला राज्यात पक्षी सप्ताह असतो, एकट्याला जायला कंटाळा येत असेल तर त्या आठवड्यात कोणीतरी गटाने जाणारे भेटतातच.

आणि मग सातपुडा. यावल अभयारण्य १९६९ पासूनचं, पाल गावाला जायचं, नाक्यावर विचारून परवानगी घेऊनच आत. इथे शोधायचा तो रानपिंगळा, जंगलातलं छोटंसं घुबड. याची गोष्ट जबरदस्त आहे. १८७३ मध्ये ह्यूम नावाच्या इंग्रज पक्षीअभ्यासकाने याला नाव दिलं, १८८४ नंतर कोणालाच मिळाला नाही, संपला असं धरलं. मधे एका इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मिळाला असा नमुना दाखवला होता, तो नंतर म्युझियममधून चोरून खोटं लेबल लावलेला जुनाच पक्षी निघाला. ती चोरी लक्षात आल्यावर पामेला रासमुसेन ही अमेरिकन पक्षीतज्ज्ञ आणि तिचे दोन सोबती खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ त्यांना तो दिसला, ११३ वर्षांनी! म्हणजे हा पक्षी जगाला पुन्हा सापडला तो खान्देशात भो.

गावातल्या नेहमीच्या पिंगळ्याशी घोळ होतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधं, आणि तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो, म्हणून सकाळच्या उन्हात सागाचे शेंडे बघत चला. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून बोलवायचं नाही. त्याला वाटतं दुसरा नर घुसला, घरटं सोडून तो भांडायला येतो आणि तुमच्या एका फोटोपायी त्याची सकाळ वाया जाते. मला तीन चकरांत एकदाच दिसला, तोही पाठमोरा, मान वळवून एकदा बघितलं आणि गेला. फोटो हललेला आहे, पण तारीख वहीत आहे. तुम्हाला दिसला तर झाडाचं नेमकं लोकेशन ग्रुपवर टाकू नका, पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या उभ्या राहतात. पाल दाखवायला नेहमी कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, साडेसहाला नाक्यावर भेटा, आणि पांढरा शर्ट घालून येऊ नका.